तीन इंच जाळीची मोटार : बेगम रोकेयांवरच्या प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२३

९ डिसेंबरला बांगला लेखिका आणि मुलींच्या शाळेच्या संस्थापक बेगम रोकेया सखावत हुसेन यांच्यावर प्रदर्शन करायचं, हे आज नक्की झालं. शाळेचा हॉल शनिवार-रविवार मिळाला आहे. भाडं नाही, वीजबिल आपण भरायचं. मंडळाकडे पंचवीस हजार रुपये आहेत. दुसऱ्या गावात कुणी हेच करायला घेतलं तर आमचे पैसे आणि वेळ जिथे गेला तिथे त्यांचा जाऊ नये, म्हणून या नोंदी.

पहिला आराखडा बारा फलकांचा होता. १८८० मध्ये आजच्या बांगलादेशातल्या रंगपूर जिल्ह्यात पायराबंदला जन्म. शाळेत कधी गेल्या नाहीत. रात्री घर निजलं की थोरले भाऊ इब्राहिम साबेर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवायचे, बांगला शिकायला मोठ्या बहिणीचा, करीमुन्निसांचा आधार. भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी लग्न. १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा. १९०९ मध्ये वैधव्य आणि त्याच वर्षी मुलींची शाळा. १९१६ मध्ये ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ ही मुस्लिम स्त्रियांची संघटना. १९२४ मध्ये ‘पद्मराग’ कादंबरी, १९३१ मध्ये ‘अवरोधबासिनी’, १९३२ मध्ये मृत्यू.

सगळं बरोबर आहे, आणि हे असं लावलं तर कुणी वाचणार नाही. मागच्या प्रदर्शनात बघितलंय : माणूस पहिले दोन फलक वाचतो, तिसऱ्याचा फोटो बघतो आणि बाकीच्यांवरून चालत चहाकडे जातो. मग आमच्यातली एकजण, जिचं लहानपण कोलकात्यात गेलंय आणि जिला बांगला येतं, ती म्हणाली, “बसची गोष्ट करूया. ती बसच बांधूया.”

१० सप्टेंबर

बसची गोष्ट ‘अवरोधबासिनी’त आहे. पडद्यात कोंडलेल्या बायकांचे सत्तेचाळीस लहान लहान प्रसंग या पुस्तकात आहेत, बस शेवटच्यात येते. आज तो प्रसंग सगळ्यांनी मिळून वाचला. पुढचं सगळं बांधकाम त्यावर आहे, म्हणून इथे सविस्तर.

रोकेयांच्या कोलकात्याच्या शाळेला मुलींची ने-आण करायला नवी मोटारबस मिळाली. पडद्याला धक्का लागू नये म्हणून ती चारी बाजूंनी बंद. मागच्या दारावर थोडीशी जाळी आणि पुढच्या बाजूला तीन इंच रुंद, दीड फूट लांब जाळी. हवा यायची ती एवढ्यातूनच. पहिल्या दिवशी मोलकरणीने परत येऊन सांगितलं की आत भयंकर उकडतं, मुलींना उलट्या होतात, लहान मुली अंधाराला घाबरून रडतात. मग बाजूच्या झडपा उघडून रंगीत पडदे लावले. एक हिंदू मैत्रीण भेटायला आली, ती म्हणाली, तुमची बस पहिल्यांदा पाहिली तेव्हा रस्त्यावरून मोठं कपाटच चाललंय असं वाटलं. तिच्या भाच्याने तर तिला चालता अंधकूप म्हटलं होतं. मुलींच्या आया येऊन म्हणाल्या, तुम्ही आमच्या पोरींना जिवंत पुरताय. आणि संध्याकाळच्या टपालाने चार पत्रं आली. एक इंग्रजी, खाली सही ‘ब्रदर-इन-इस्लाम’. तीन उर्दू. सगळ्यांचा मजकूर एक : पडदे वाऱ्याने उडतात, गाडी बेपर्दा होते. उद्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर वर्तमानपत्रांत लिहू आणि मुली बंद करू.

झडपा लावल्या तर मुली गुदमरणार, उघडल्या तर शाळा बंद पडणार. रोकेयांनी वीसहून जास्त वर्षं शाळा चालवली ती या दोहोंच्या मधल्या जागेत. ती जागा बघणाऱ्याला अंगावर कळली पाहिजे, एवढंच या प्रदर्शनाचं काम.

कॉपीराइटची अडचण नाही. लेखिकेचं निधन १९३२ चं, साठ वर्षं कधीच उलटली. मात्र हल्लीच्या अनुवादांवर अनुवादकांचे हक्क असतात, म्हणून मराठी मजकूर मूळ बांगलावरून आम्हीच करणार.

१७ सप्टेंबर

मजकुरात मापं फक्त जाळीची आहेत, बसची नाहीत. बाकी मापं आपण ठरवायची आणि तसं फलकावर स्पष्ट लिहायचं, म्हणजे कुणी याला हुबेहूब प्रतिकृती समजणार नाही. जाळीचं माप मात्र सूतभरही इकडे-तिकडे नको.

खर्च बघून खोका ८ × ४ × ४ फुटांचा ठरला. प्लायचा ताव ८ × ४ चा येतो. दोन बाजू, छप्पर, तळ असे चार ताव, आणि पाचव्याचे दोन तुकडे करून पुढचा-मागचा भाग. कापताना तुकडा वाया जात नाही. तळ १२ मिलीचा, बाकी ६ मिलीचं. आत दोन्ही बाजूंना एक फूट उंचीचे बाक. मोठ्या माणसाला वाकून शिरावं लागेल आणि मान छपराजवळ जाईल. तसंच असू दे.

३० सप्टेंबर

गणपती उरकल्यावर वेल्डरकडे गेलो. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, अंदाजे शंभर फूट पाइप. चित्र बघून त्यांचा पहिला प्रश्न, “हॉलचं दार केवढं?” साडेतीन फूट. खोका चार फूट रुंद, चार फूट उंच. आडवा-उभा कसाही फिरवला तरी आत जाणार नव्हता.

त्यांनीच मार्ग काढला. सहा बाजूंच्या सहा सुट्या चौकटी करायच्या, प्रत्येकीला कानाकोपऱ्यात भोकं, आणि हॉलमध्ये नट-बोल्टने जोडायच्या. मजुरी पाचशेने वाढली, अडीच हजार झाली. पण यामुळे खोका टेंपोत सपाट जातो, जिन्यावरून चढतो, आणि पुढे दुसऱ्या गावाला देता येतो. कुणी करणार असाल तर सुरुवातीपासूनच असा करा. प्रत्येक चौकटीवर पंचने आकडे ठोकून घ्या, खडूने लिहिलेले पुसले जातात.

८ ऑक्टोबर

प्लाय बसवलं, आत बसून दार लावलं. अंधार झालाच नाही. बोल्टच्या जोडांतून, बिजागऱ्यांशेजारून, तळाच्या फटीतून उजेडाच्या रेघा आत येत होत्या आणि आतलं सगळं दिसत होतं. बंदपणाची भीती अशा उजेडात वाटत नाही.

आधी जोडांवर काळी चिकटपट्टी लावली. खोका खोलला की ती निघते आणि रंगाचे पापुद्रेही घेऊन जाते. टिकाऊ उपाय असा : चौकटीच्या कडांना फोमची पट्टी, म्हणजे बोल्ट आवळला की ती दबून फट बुजते. दाराला रबरी पट्टी. तळाला बाहेरून चारी बाजूंनी काळ्या कापडाची झालर. सगळं मिळून चारशे रुपयांत झालं.

जाळी पुढच्या भागात, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर ठेवली. आता आत बसल्यावर फक्त ती दिसते. दीड फूट लांब, तीन इंच रुंद उजेडाची फीत. तिच्या समोर बसलेल्या दोघींचे केस दिसतात, चेहरे नाहीत. मागे बसलेल्यांना तेवढंही नाही.

१५ ऑक्टोबर

हवेचा प्रश्न. चाचणीला आमच्यापैकी सहाजणी बसलो आणि चार मिनिटांत आतला पारा बाहेरपेक्षा तीन-चार अंशांनी चढला. दुपारची वेळ होती. एकीला घाबरल्यासारखं झालं. इतका त्रास प्रेक्षकाला द्यायचा नाही. आत वयस्कर माणसं येतील, दमेकरी येतील, पोटुशी बाई येईल.

त्यामुळे नियम केले. एका वेळी चारच जण, आत तीन मिनिटं. दाराला कडी नाही, लोहचुंबकाचा कॅच आहे, आतून ढकललं की उघडतं. बाहेर एक स्वयंसेवक कायम. आत जाण्याआधी पाटी : बंद जागेचा त्रास असेल तर बसू नका, शेजारच्या खुर्चीवर हेच ऐकता येईल.

शिवाय हवा खेळती ठेवायला बाकाखाली बारा व्होल्टचा लहान पंखा. पंख्याच्या भोकातून उजेड येणार, म्हणून हवेची वाट दोनदा काटकोनात वळवली आणि आतून काळी केली. फोटोच्या डार्करूमला पूर्वी अशी वाट असायची. हवा वळते, उजेड वळत नाही. पंखा घरघरायला लागला तेव्हा त्याच्या चार स्क्रूंखाली रबराचे वायसर घातले, आवाज बसला.

बाहेरच्या फलकावर हेही लिहिणार आहोत की या खोक्यात लपवलेला पंखा आहे, त्या बसमध्ये नव्हता.

२२ ऑक्टोबर

नवरात्रात सुतारकाका मिळाले नाहीत, तेव्हा फलकांचा मजकूर घेतला.

बारावरून दहावर आलो. प्रत्येक फलकावर एकच गोष्ट आणि जास्तीत जास्त ऐंशी शब्द. पहिल्यावर पाच वर्षांची रोकेया : घरी परक्या बायका आल्या की तिलाही लपावं लागायचं, पोटमाळ्यावर दिवस काढावे लागायचे, आणि तिच्याच वयाचा भाचा हळूच बातमी आणून द्यायचा. दुसऱ्यावर बिहारमधलं कियूल स्टेशन. रोकेयांच्या सासरकडच्या दूरच्या नात्यातल्या एक बाई गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडल्या. हमाल उचलायला धावले, मोलकरीण ओरडली की हात लावू नका. तिला एकटीला त्या उचलेनात. गाडी अर्धा तास थांबली आणि मग सुटली. हा फलक लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यात आम्ही एकही विशेषण ठेवलं नाही, रोकेयांनीही फारशी ठेवलेली नाहीत.

तिसऱ्यावर ‘सुलतानाज ड्रीम’. नवरा दौऱ्यावर असताना घरात एकट्या असलेल्या रोकेयांनी वेळ घालवायला ही कथा लिहिली. परत आल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्या वाचून काढली आणि म्हणाले, “भयंकर सूड!” मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. कथेतल्या राज्यात पुरुष घरात पडद्यात असतात आणि बायका विद्यापीठं चालवतात, ढगांतून पाणी उतरवून घेतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. याच फलकावर खाली दोन ओळी काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’बद्दल आहेत. १९२८ च्या या मराठी कादंबरीतही बायका संस्थानाचा कारभार हातात घेतात. आपल्याकडे त्या कादंबरीचं नाव सहसा कुणाला आठवत नाही, म्हणून ती इथे हवीच होती.

‘पद्मराग’ला आम्ही दोन फलक दिले. तिथे वाद झाला. एकीचं म्हणणं, कथानक योगायोगांनी भरलेलं आहे, माणसं मध्येच भेटतात, ओळखी उघड होतात. ते खरं आहे. पण त्यातलं तारिणी भवन बघा. दीनतारिणी या ब्राह्म समाजातल्या विधवेने उभी केलेली संस्था, तिच्यात शाळा, हातकामाचा कारखाना, आजारी आणि निराधारांसाठी आश्रम. हिंदू, मुसलमान, ब्राह्म, ख्रिस्ती बायका एकत्र राहतात, आपापलं आयुष्य एकमेकींना सांगतात. त्यात हेलन नावाची इंग्रज बाईसुद्धा आहे. तिचा नवरा वेडा झालाय आणि तिच्या देशाचा कायदा तिला सोडवत नाही. म्हणजे अन्याय एकाच धर्माच्या खात्यावर टाकायचा नाही, हे रोकेयांनी कादंबरीच्या रचनेतच पक्कं केलं. आणि शेवटी नायिका सिद्दिका नवऱ्याकडे परत जायला नकार देते. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, तिचंही आहे, तरी नकार. १९२४ साली हे लिहिणं सोपं नव्हतं. आपल्याकडच्या वाचकाला तारिणी भवन वाचताना पंडिता रमाबाईंचं १८८९ चं शारदासदन आठवेल, तर आठवू दे.

५ नोव्हेंबर

पैसे वाया गेले त्याची नोंद. आधी तीन फलक फ्लेक्सवर छापून घेतले, नऊशे रुपये. मजकूर युनिकोडमध्ये दिला होता, दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर जोडाक्षरं फुटली. ‘स्त्रियांच्या’ मधला ‘स्त्र’ तुटला, पहिल्या वेलांट्या एक अक्षर पुढे सरकल्या. त्यात प्रूफ बघणाऱ्याने मृत्यूची तारीख बदलली. ९ डिसेंबर १८८० आणि ९ डिसेंबर १९३२ अशा दोन सारख्या तारखा बघून त्यांना छपाईची चूक वाटली. चूक नाही. जन्म आणि मृत्यू एकाच तारखेचे आहेत, आणि म्हणूनच बांगलादेशात ९ डिसेंबर हा रोकेया दिन असतो.

आता पुढचं असं केलं : मजकूर घरीच मांडायचा, अक्षरांचं रूपांतर आकृत्यांमध्ये करून पीडीएफ द्यायची, म्हणजे दुकानाच्या फॉन्टशी संबंधच राहत नाही. आणि फ्लेक्स सोडून सनबोर्ड, म्हणजे फोमचा कडक ताव, घेतला. फ्लेक्सवर दिव्याची चमक येते, बारीक अक्षर वाचता येत नाही. दोन बाय तीन फुटांचे दहा सनबोर्ड, साठ रुपये चौरस फुटाने ३,६०० रुपये.

नकाशाही बदलला. आजच्या सीमांचा नकाशा घेतला तर रंगपूर परदेशात, भागलपूर बिहारमध्ये, कोलकाता पश्चिम बंगालमध्ये, आणि बघणारा सीमांतच अडकतो. सीमा काढून टाकल्या. नद्या, रेल्वेचे रूळ आणि गावं एवढंच ठेवलं. कियूलही त्यावर आहे.

१३ नोव्हेंबर

खोक्याला आतून काळा ऑइलपेंट दिला होता, त्याचा वास जात नाहीये. आत बसलं की दोन मिनिटांत डोकं दुखतं. उलट्या होणाऱ्या मुलींबद्दल सांगताना रंगाच्या वासाने माणसाला मळमळायला लावणं बरोबर नाही. दिवाळीत चौकटी सुट्या करून गच्चीवर उन्हात ठेवल्या आहेत. आतून पाण्यात मिसळणारा काळा डिस्टेंपर दिला असता तर हे झालं नसतं. तो स्वस्तही पडतो.

आवाजाचंही जमत नव्हतं. आत ठेवलेला स्पीकर घुमतो, ‘ब’ आणि ‘भ’ पोटात आदळतात, शब्द कळत नाहीत. स्पीकर बाहेर, जाळीच्या समोर वीतभर अंतरावर ठेवला आणि आवाज अर्ध्यावर आणला. आता शब्द जाळीतूनच आत येतात. हेच जास्त बरोबर वाटतं.

खोका हलता ठेवायचा प्रयत्न सोडला. खाली स्प्रिंग लावून बघितल्या, तर करकर इतकी की वाचन ऐकू येईना. वेळ गेला, पैसे फार नाहीत.

१९ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची. ओळखीच्या वीस-पंचवीस लोकांना बोलावून पूर्ण चाचणी घेतली.

रचना अशी आहे. चौघं आत बसतात, दार लागतं. दीड मिनिट पहिल्या दिवसाचं वाचन, अंधारात. मग बाहेरचा स्वयंसेवक बाजूच्या दोन झडपा खाली सोडतो. उजेड येतो, वारा येतो, रंगीत पडदे उडतात. बाहेर टेबलफॅन ठेवलाय. सगळ्यांनी नकळत मोठा श्वास घेतला, हे बाहेरून ऐकू आलं. आणि तेवढ्यात पत्रं सुरू होतात : तुमचे पडदे उडतात. हा भाग आम्हाला हवा होता तसाच झाला. आत्ता ज्या वाऱ्याने बरं वाटलं, त्याच वाऱ्याबद्दल तक्रार आहे, हे ऐकताना आतल्यांचे चेहरे बदलतात.

पण बाहेर आल्यावर दोघंतिघं म्हणाले, “त्यांच्यात असंच असतं.” एकाने हसून सांगितलं, “बरं झालं, आपल्यात नाही.” चाचणीला आलेल्या दोन मुस्लिम आया गप्प बसल्या होत्या. त्यातल्या एकीने जाताना आमच्यातल्या एकीला बाजूला घेतलं : “ताई, ही बाई आमची होती. तुमच्या खोक्यात ती दिसतच नाही, फक्त बुरखा दिसतो.”

रात्री बराच वेळ यावर बोललो. त्यांचं म्हणणं खरं होतं. आम्ही माणसाला मुलींच्या जागी बसवलं. रोकेयांच्या जागी कुणालाच बसवलं नाही. त्यामुळे बघणारा कळवळतो किंवा नाक मुरडतो, आणि दोन्ही करून मोकळा होतो.

२५ नोव्हेंबर

तीन बदल केले.

पहिला. खोक्यातून बाहेर पडलं की थेट हॉलमध्ये जाता येत नाही, मध्ये एक टेबल आहे. टेबलावर चार पत्रं, आयांची तक्रार, शाळेची हजेरी. समोर खुर्ची. शेजारच्या फलकावर शाळेचा हिशेब : नवऱ्याने शाळेसाठी ठेवलेले दहा हजार रुपये, १९०९ मध्ये भागलपूरला पाच मुली, सावत्र मुलीच्या कुटुंबाशी मालमत्तेवरून बेबनाव झाल्यावर गाव सोडावं लागलं, आणि १६ मार्च १९११ ला कोलकात्यात १३ वलीउल्ला लेनमध्ये आठ मुलींवर पुन्हा सुरुवात. मग एक कोरी चिठ्ठी आणि प्रश्न : उद्या सकाळी बस कशी पाठवाल? लिहून डब्यात टाका, मग पुढे जा.

दुसरा. रोकेयांचं स्वतःचं म्हणणं आता टेबलाच्या वरच आहे. ‘मोतीचूर’ पुस्तकात बुरख्यावर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. त्यात त्या बुरख्याची बाजू घेतात आणि बाहेर पडून शिकण्याच्या तो आड येत नाही असं मांडतात. त्यांची लढाई कोंडून ठेवण्याशी होती. स्वतः त्या पडदा पाळून घरोघर जायच्या, आयाबापांना मुली पाठवायला तयार करायच्या. त्या पडदा सोडून गेल्या असत्या तर ती दारं उघडली नसती. पूर्वी हे आम्ही शेवटच्या फलकात एका ओळीत उरकलं होतं.

तिसरा. कियूलच्या फलकाशेजारी ‘अवरोधबासिनी’तलाच एक हिंदू घरातला प्रसंग लावला. गंगेवर स्नानाला गेलेली सून घुंगटामुळे गर्दीत भलत्याच माणसाच्या मागून चालत राहते, कारण नवऱ्याचा चेहरा तिने नीट पाहिलेलाच नसतो, ओळख फक्त धोतराच्या पिवळ्या काठाची. आणि खाली आपल्याकडच्या गोषाबद्दल, म्हणजे पडद्याबद्दल, चार ओळी. मराठा सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत बायका गोषात असत, ही काही फार जुनी गोष्ट नाही. “आपल्यात नाही” म्हणणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं.

त्या दोन आयांपैकी एक आता आमच्यात काम करतात. फलकांचा उर्दू मजकूर त्यांनी आणि त्यांच्या मुलीने केला. रोकेयांच्या शाळेत सुरुवातीला शिकवणं उर्दूतूनच व्हायचं, तर इथे उर्दू आधीपासून हवी होती.

३ डिसेंबर

अंगणात सौरचूल ठेवायची, ‘सुलतानाज ड्रीम’मधल्या धूर नसलेल्या स्वयंपाकघरासाठी. पेटीची चूल एका शाळेकडून दोन दिवसांसाठी मागून आणली. डिसेंबरात ऊन तिरपं येतं, आरसा दर अर्ध्या तासाने फिरवावा लागतो. साडेनऊला डाळ-तांदूळ ठेवले, साडेबाराला खिचडी झाली. भांडं बाहेरून काळं हवं, चकचकीत स्टीलचं ठेवलं तर दुपारपर्यंत पाणी कोमटच राहतं. ढग आले तर बेत रद्द, पर्याय ठेवलेला नाही.

९ डिसेंबर

सकाळी सातला जोडणी, दीड तासात खोका उभा राहिला. आकडे ठोकलेले असल्यामुळे नवीन मुलांनीही जोडला. दहाला सुरू.

साडेअकरापासून खोक्यापुढे रांग, आणि टेबलाशी दुसरी रांग. दुसरीचा अंदाज नव्हता. माणसं चिठ्ठी लिहायला अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ घेतात. खुर्ची एकच होती, दुपारी तीन केल्या. तुम्ही पहिल्यापासूनच चार ठेवा.

एका मुलाला आत भीती वाटली, त्याने दार ढकललं, ते उघडलं. चुंबकाचा कॅच सोडून दुसरं काही लावू नका.

१० डिसेंबर

चिठ्ठ्या रात्री वाचल्या. “झडपा उघड्या, पडद्यांना खाली शिसं लावा म्हणजे उडणार नाहीत.” “पत्र लिहिणाऱ्यांनाच बसमध्ये बसवा.” “मुलींना कमी संख्येने, दोन फेऱ्या करून न्या.” “आयांना सोबत बसवा.” “शाळा बंद करू नका, बाकी काहीही करा.” एका निवृत्त मुख्याध्यापिकेने पूर्ण पान लिहिलं. सत्तरच्या दशकात खेड्यात मुलींना शाळेत आणताना गावकऱ्यांनी घातलेल्या अटी त्यात आहेत, आणि त्यातल्या कुठल्या मान्य केल्या, कुठल्या नाही, हेही. त्यांच्या परवानगीने ते पान पुढच्या वेळी टेबलावर ठेवणार आहोत, नाव न देता.

“त्यांच्यात असंच” हे वाक्य एकदा ऐकू आलं. तिथे उभ्या असलेल्या नववीतल्या मुलीने त्या गृहस्थांना गोषाचा फलक वाचायला नेलं.

खिचडी शनिवारी झाली. रविवारी ढग होते.

१७ डिसेंबर

हिशेब. प्लाय ७,०४०. पाइप २,५००. वेल्डिंग २,५००. सुतारकाम ४,५००. नट-बोल्ट, बिजागऱ्या, जाळी, पट्ट्या, रंग मिळून २,३००. सनबोर्ड ३,६००. वाया गेलेले फ्लेक्स ९००. पंखा, स्पीकरची वायर, दिवे १,१००. टेंपो १,८००. चहापाणी १,५००. एकूण २७,७४०. वरचे २,७४० मंडळातल्या सगळ्यांनी वाटून घेतले.

खोका आता खोलून ठेवलाय, वजन शंभर किलोच्या वर आहे, चौघं लागतात. जानेवारीत शेजारच्या तालुक्यातलं एक कॉलेज नेणार आहे. त्यांना सांगितलंय : खोका नेणार असाल तर टेबल आणि चिठ्ठ्यांचा डबाही न्यायचा, नुसता खोका मिळणार नाही. नट-बोल्ट पत्र्याच्या डब्यात आहेत, सोळा नंबरचा पाना त्यातच आहे. फोमच्या पट्ट्या दोन जागी फाटल्यात, नेण्याआधी बदलून देतो.